मोतीचे कान

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर मोती तुमच्या हाकेला का वळत नाही, असं काल विचारलंत, म्हणून लिहिते. गेलं वर्षभर तुमचा काका दर रविवारी त्याला आपल्या छोट्या विमानातून फिरवतोय. आज मी प्रथमच धावपट्टीवर गेले. इंजिन सुरू होताच काकाने जाड हेडफोन चढवले. मोतीचे कान उघडेच.

"अरे, आणि त्याच्या कानांना?"

"आई, कुत्र्याला कसला त्रास? मजा येते त्याला!"

मजा! तो सीटखाली तोंड खुपसून थरथरत होता. ज्याला बोलता येत नाही, त्याचं सुखही आपणच ठरवून टाकतो, याचा मला संताप येतो.

मी त्याला उतरवून घरी आणलं. हाक त्याला ऐकू येत नाही. फरशीवर पाय आपटला, की अजून धावत येतो.