थेक्लाचा डूख

थिओडोरो नावाच्या छोट्या राज्यात, मंगूपच्या गडावर, थेक्लाइतका डूख धरणारं माणूस दुसरं नव्हतं. तिला त्याचा अभिमानच होता. दरवर्षी मृतांच्या शनिवारी ती मध घातलेले उकडलेले गहू घेऊन देवळात जाई आणि पाद्र्याला मेलेल्यांची नावं सांगे. पहिलं नवऱ्याचं, दामियानचं. दुसरं गास्पारेचं. पाद्री बिचारा त्याला तिचा दीर समजे. गास्पारे जिवंत होता, म्हणून तर ती त्याचं नाव देई. जित्याचं नाव मेलेल्यांत वाचलं की तो झिजून मरतो, असं गडावरच्या बायका मानत. एक्केचाळीस वर्षं हा काही मरेना. राग निघे पाद्र्यावर. "जरा मोठ्यानं वाचा की! देवाला ऐकू तर गेलं पाहिजे."

थेक्ला मूळची कलामिताची. थिओडोरोचे चढते दिवस होते तेव्हा राजानं समुद्रकाठी हे बंदर उभारलं. काफा शहरातल्या जिनोआवाल्या व्यापाऱ्यांची गिऱ्हाइकं तिकडे वळली आणि त्यांच्या पोटात दुखू लागलं. त्यांची जहाजं चालून आली. दोन दिवस लढून तिसऱ्या दिवशी शिडं उभारून निघूनही गेली. गाव नाचलं. दामियाननं वेशीचा दरवाजा उघडला, आणि दुपारी जहाजं उलट फिरली. गास्पारे नावाच्या शिपायानं दामियानला दारातच कापलं. थेक्लानं झेप घेऊन त्याच्या कानाचा लचका तोडला. गाव जळालं. पोटातलं मूल घेऊन ती गडावर आली. तिथून वाचलेल्यांत आता ती एकटीच उरली होती.

एक्केचाळीस वर्षांनी तुर्कांनी काफा घेतला. तिथून पळालेले जिनोआवाले गडावर आसरा मागायला आले. त्यांत एक लंगडा म्हातारा होता, अर्ध्या कानाचा. थेक्लाचा मुलगा लोंगीन मुख्य दरवाजाचा नाईक होता. त्यानं म्हाताऱ्याला आत घेतलं.

"तुझ्या बापाला मारणाऱ्याला भाकरी घालतोस, मेल्या?"

"आई, तुर्क आता इथंही वेढा घालणार, आणि त्याच्यासारखा नेम गडावर कुणाचा नाही. वेढा उठू दे, मग तूच आवळ त्याचा गळा."

थेक्लानं दातओठ खात दिवस काढले. तुर्क सहा महिने खाली ठाण मांडून बसले. गडावर घोडी संपली, मग लोक चामडं उकडून खाऊ लागले. हिवाळ्यात एका सकाळी मात्र तुर्कांनी तंबू उपटले आणि ते दरीतून निघाले. सगळा गड दरवाजापाशी लोटला. मागून गाठून हाणायचं, असा एकच गलका झाला.

गास्पारे लंगडत पुढे आला आणि त्यानं अडसर धरला. "उघडू नका! हे परत फिरणार. कलामिताला आम्ही हेच केलं होतं."

लोंगीन वळला. "आई, तू होतीस तिथं. खरं बोलतोय का हा?"

थेक्लाला त्या जहाजांची शिडं लख्ख दिसली. हो म्हटलं, तर हा गड वाचवणारा ठरणार. लोक याला खांद्यावर घेणार आणि हा सुखानं अंथरुणात मरणार. तिला ते सहन होईना. लोंगीनच सगळ्यांत पुढे जाईल, हे तिच्या मनातही आलं नाही.

"खोटारडा आहे! दिवसाढवळ्या लढून घुसले होते हे. तुर्कांना फितूर झालाय मेला."

लोक गास्पारेवर तुटून पडले. लोंगीननं अडसर काढला आणि तलवार उपसून तो सगळ्यांच्या पुढे धावला. जमिनीवर पडलेल्या गास्पारेकडे पाहून थेक्लाचं काळीज निवलं. इतकं सुख तिला आयुष्यात मिळालं नव्हतं.

तेवढ्यात दरीच्या वळणावर नगारे वाजले. तुर्क उलट फिरले होते.

गास्पारेनं रक्त थुंकलं. "बाई, तुला माहीत होतं."

"हो," थेक्ला म्हणाली.

तटावरून आरडाओरडा झाला, दरवाजा लावा, दरवाजा लावा! लोंगीन अजून बाहेरच होता. थेक्ला धावत जाऊन दरवाजाच्या दोन फळ्यांच्या मध्ये उभी राहिली. माणसांनी ओढलं, केस धरले, मारलं. ती तिथून हलली नाही.