प्रेक्षकांचा कौल

वाचनालय उघडलं की माझं पहिलं काम वर्तमानपत्रं काठ्यांमध्ये अडकवायचं. चिंचवडच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. पानं जुळवताना मथळे डोळ्यांखालून जातात, वाचायचे नसले तरी. त्या सकाळी पुरवणीच्या शेवटच्या पानावर ‘प्रेक्षकांचा कौल’ असं सदर होतं. नुकत्याच लागलेल्या एका सिनेमाबद्दल पाचसहा जणांची मतं आणि प्रत्येकाचा टपाल तिकिटाएवढा फोटो. सिनेमा एका सात वर्षांच्या मुलीला पळवून नेल्याचा होता.

‘खुर्चीला खिळवून ठेवतो,’ असं एकाने म्हटलं होतं. ‘दुसऱ्या भागात जरा रेंगाळतो,’ असं दुसऱ्याने. ‘शेवट कुणी कुणाला सांगू नका, ही विनंती.’ आणि एका गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘आईचं काम पटत नाही. मूल गेल्यावर कुठली आई त्याच संध्याकाळी कणीक मळायला बसते?’

ते पान मी काठीत अडकवलं नाही. घडी करून पिशवीत टाकलं.

आमची मुलगी सात वर्षांची असताना चाकणच्या आठवडे बाजारातून नाहीशी झाली. तेव्हा आम्ही चाकणला राहायचो. बायकोच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात मुलीचा हात. मेथीची जुडी निवडायला तिने तो हात सोडला. पुढे भांड्यांच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात सापडलं ते एवढंच : हिरव्या साडीतल्या एका बाईची पाठ, आणि तिचं बोट धरून चालणारी आमची मुलगी. मुलगी रडत नव्हती. ओळखीच्या माणसाबरोबर चालावं तशी चालत होती. ते चित्र पोलिसांनी आम्हाला इतक्या वेळा दाखवलं की तिच्या ब्लाउजची पाठीवरची गाठ मी आजही कागदावर काढून दाखवू शकेन. त्यापलीकडे काही मिळालं नाही. आणि हो, त्या संध्याकाळी माझ्या बायकोने कणीक मळली होती. पोर येईल तेव्हा भुकेली असेल, असं ती पोलीस ठाण्यातून घरात पाऊल टाकताच म्हणाली होती.

त्या गृहस्थांना हे कळवावं असं मला दिवसभर वाटत राहिलं. त्यांचा पत्ता नव्हता, आणि असता तरी मी लिहिलं नसतं.

यंदा त्या गोष्टीला बारा वर्षं होत होती. बायकोचे थोरले भाऊ गावी, बीडकडे, शेती बघतात. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला होता.

"दाजी, बारा वर्सं झाली की करून टाकावं लागतंय. गुरुजींना इचारलंय मी. दर्भाची बाहुली करायची, तिला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे. लेकराला कुठंतरी वाट तर मिळंल."

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग ते गेलं असं धरून क्रिया करायची, ही रीत मला पुस्तकांतून माहीत होती. मला ती हवी होती. मी कधीचाच शोक धरला होता, पण तो ठेवायला घरात जागा नव्हती. आमच्याकडे मुलीबद्दल ‘होती’ म्हणायची सोय नाही. ‘तिला पेरू आवडायचा,’ असं मी एकदा बोलून गेलो, तर बायकोने हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "आवडतो." सुतक नाही, फोटोला हार नाही. कुणी वारलं तर लोक येतात, चार शब्द बोलतात, न बोलता बसून राहतात. आमच्याकडे तसं कुणी आलं नाही, कारण यायला काही घडलेलंच नव्हतं.

बायको अजूनही शाळा सुटायच्या वेळी एखाद्या प्राथमिक शाळेच्या फाटकासमोर उभी राहते. मागे एका रखवालदाराने तिला हटकलं, "ओ मावशी, रोज कुणाला बघता? पोरं पळवायचा धंदा हाय का?" घरी येऊन मला हे सांगताना ती हसली. त्या हसण्याची मला भीती वाटली.

भावाच्या निरोपावर तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

ज्या दिवशी मी ते पान घरी आणलं, त्याच दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी येऊन गेल्या होत्या. त्या नव्याने राहायला आलेल्या, त्यांना आमचं काही ठाऊक नाही. त्यांनी तो सिनेमा वाकडच्या मॉलमध्ये बघितला होता.

"रुमाल भिजला हो माझा," त्या बायकोला म्हणाल्या होत्या. "आईनं तर बघायलाच पाहिजे. तुम्हाला मूलबाळ?"

"एक मुलगी आहे."

"मग? दिसत नाही कधी. शिकायला बाहेर असते का?"

"बाहेर असते," असं माझ्या बायकोने सांगितलं होतं.

संध्याकाळी माझ्या पिशवीतून डबा काढताना तिला ते पान सापडलं. ओट्याला टेकून तिने सगळी मतं वाचली. कणकेचं मत वाचून पान ओट्यावर पसरलं. मग वरच्या मथळ्यावर बोट ठेवलं.

"कौल," ती म्हणाली.

मुलगी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही खेड तालुक्यातल्या एका देवीला कौल लावायला गेलो होतो. राजगुरुनगरच्या पुढे बराच आत रस्ता आहे. गुरवाने देवीच्या दोन खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर मुलगी आहे, डावं पडलं तर नाही. आम्ही हात जोडून बसलो. एकही फूल पडलं नाही. फुलं सुकली, गुरवाने ती स्वतः काढून घेतली आणि म्हणाला, "आज देवी बोलत न्हाई." त्यानंतर बायको कुठल्याच देवाकडे गेली नाही. ‘हो’ नाही तर निदान ‘नाही’ तरी, एवढंही ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे काय जायचं, असं तिचं म्हणणं.

"तुम्ही हा सिनेमा बघून या," ती म्हणाली. "मला तिथे बसवणार नाही. त्यातली मुलगी सापडत असेल तर दादाला नाही म्हणून कळवा. सापडत नसेल तर तुमच्या मनात आहे तसं करू."

माझ्या मनात काय आहे हे तिला ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

"अगं, सिनेमा कुणीतरी बसून लिहिलेला असतो."

"कौलसुद्धा गुरवच लावतो की."

मी वाद घातला नाही. बारा वर्षांत आमच्यात काहीतरी ठरत होतं, ते पहिल्यांदाच.

आधी मला वाटलं, सिनेमाला जायची गरजच पडणार नाही, कुणालाही शेवट विचारता येईल. दुसऱ्या दिवशी वाचनकक्षात दोन मुलं त्याबद्दलच कुजबुजत होती.

"मॅड पिक्चर आहे भावा. लास्टला तर..."

"ए, लास्टचं नको! मी उद्या चाललोय."

मी त्यांच्याजवळ गेलो. शांतता राखा म्हणायला आलो असं वाटून दोघं सावरून बसली.

"त्यातली मुलगी सापडते का रे?"

"सर, तुम्ही बघा ना! आत्ता सांगितलं तर मजा काय राहील?"

"मला मजा नकोय. सापडते का तेवढंच सांग."

दुसरा हसला. "ए, सरांना नको सांगू. लायब्ररीतल्या सगळ्या पुस्तकांतले खुनी त्यांना आधीच माहिती असतात. एक तरी सस्पेन्स राहू दे की त्यांना."

मीही हसलो आणि जागेवर जाऊन बसलो. दुपारी फोनवर लोकांची मतं वाचली. संगीत कानठळ्या बसवतं. पोलीस इतके निष्काळजी दाखवलेत, हे पटत नाही. खलनायक पहिल्या अर्ध्या तासातच ओळखता येतो. लहान मुलांना नेऊ नका. मुलीच्या शोधाचा भाग कापून कमी करायला हवा होता. कितीतरी मतं वाचली, पण मुलीचं काय झालं हे एकानेही फोडलं नव्हतं. अनोळखी माणसं एकमेकांचा शब्द किती पाळतात, याचं मला नवल वाटलं.

रविवारी सकाळच्या खेळाला मी वाकडला गेलो. माझ्या शेजारी आईवडील आणि त्यांचा लहान मुलगा होता. नेऊ नका असं सांगूनही आणलेला. मध्यंतरात खायच्या रांगेत माझ्यापुढचे दोघे पैज लावत होते.

"मामानंच पळवलंय तिला. लाव पैज."

"मामा कसा असेल? रडला ना तो."

"रडतो म्हणूनच, राव."

सिनेमातली आई शिवणकाम करणारी होती. ती पोस्टर चिकटवत गावोगाव फिरत होती. ‘रेंगाळतो’ म्हणाले होते तो हाच भाग. पुढच्या ओळीतले लोक मोबाइल काढून बघत होते. मला तेवढाच भाग ओळखीचा वाटला, आणि तोही फार भरभर गेला.

शेवटाकडे एका पडक्या गोदामात पोलीस शिरतात, आणि पडद्यावर अंधार होतो. त्या अंधारात मला समजलं की मी हात जोडले आहेत, आणि माझ्या मनात जे चाललंय ती प्रार्थना आहे. आतून मुलीचं प्रेत निघावं, अशी. एका खोट्या मुलीसाठी, पण तीच प्रार्थना होती. निघालं तर मला घरी जाऊन रडता येईल, बाहुलीला का होईना अग्नी देता येईल, लोक येऊन बसतील. शेजारचा मुलगा वडिलांच्या शर्टात तोंड लपवून बसला होता.

गोदाम रिकामं निघालं. मग पडद्यावर आलं, ‘तीन वर्षांनंतर’. दुसऱ्याच कुठल्या गावातली शाळा सुटते, आई हाक मारते, आणि गर्दीतली एक मुलगी मागे वळून धावत येते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वरून कुणीतरी शिट्टी मारली. माझे हात तसेच जोडलेले होते.

खोटं सांगणं सोपं होतं. बायको तो सिनेमा कधी बघणार नव्हती. पण दार उघडल्यावर तिने माझ्याकडे ज्या तऱ्हेने बघितलं, त्यापुढे मला खोटं सुचलं नाही.

"सापडते," मी म्हणालो.

ती खाली बसली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा लगेच भावाला फोन लावेल. तिने विचारलं, "कशी?"

मी सांगितलं.

"हाक मारल्यावर लगेच वळली?"

"हो."

"आणि आईनं पाठमोरी ओळखली?"

"सिनेमात तीनच वर्षं झालेली असतात."

"तीन," ती म्हणाली. बराच वेळ ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिली, जपाला बसल्यासारखी. "म्हणजे दहाची. आपली एकोणीस संपून विसाव्यात आहे."

ही बेरीज मी दर वाढदिवसाला मनात केली होती. तिने पहिल्यांदाच केली.

"मग मी शाळांपुढे काय करतेय?" ती म्हणाली. "अहो, समोरून गेली असेल. शेजारी बसली असेल बसमध्ये. मी सात वर्षांच्या पोरी बघत बसले आणि ती माझ्यासमोरून गेली असेल." आणि मग, अगदी हळू, "भुवईतली खूण राहते का हो मोठेपणी?"

मुलगी पाळण्यातून पडली होती तेव्हाची, डाव्या भुवईतली. मी म्हणालो, राहते. मला माहीत नव्हतं.

रात्री जेवणाआधी मी मेहुण्यांना फोन करून क्रिया नको म्हणून सांगितलं. "बहिणीपायी तुमी बी झिजणार, दाजी," एवढंच ते म्हणाले. मी फोन ठेवला. मला राग आला नाही. क्रिया माझ्या हातून गेली होती, आणि ती परत मागायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायको उजाडायच्या सुमाराला तयार होती. आमच्या चौकातून चाकणच्या कंपन्यांच्या बस सुटतात. लातूर, नांदेड, यवतमाळकडून आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुली तिथे उभ्या असतात. करड्या रंगाचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर सॅक, निम्म्याजणी उभ्या उभ्या पेंगत असतात. रोज त्यांच्यावरून जाऊनही मी त्या कधी बघितल्या नव्हत्या.

"पुढच्या दाराशी मी बघते," बायको म्हणाली. "मागच्या दाराची रांग तुम्ही बघा. डावी भुवई."

पन्नाशीतल्या पुरुषाने मुलींच्या तोंडाकडे निरखून बघणं बरं दिसत नाही, हे मी तिला म्हणालो नाही. मी रांगेच्या कडेने चालत गेलो. काहीजणींनी ओढणी सारखी केली. पुढून मला बायकोचा आवाज ऐकू येत होता.

"गाव कुठलं गं तुझं?"

"नांदेडकडलं. का ओ काकू?"

"आई आहे?"

"हाय की. दिसातून दोनदा फोन असतोय तिचा. जेवलीस का, जेवलीस का." मुली हसल्या. "तुमाला कोण पायजे?"

"कोणी नाही बाळा," बायको म्हणाली आणि पुढच्या मुलीकडे वळली.

बस आली. मुली चढल्या, खिडक्यांना डोकी टेकली, आणि बस नाशिक फाट्याच्या दिशेने गेली. माझ्या रांगेतल्या दोघीजणींनी तोंडाला रुमाल बांधले होते, त्यांच्या भुवया मला नीट दिसल्या नव्हत्या. बायकोने विचारलं तेव्हा मी तसं सांगितलं.

"कुठल्या कंपनीची बस होती, ते बघितलंत का?"

"नाही."

ती रागावली नाही. बसथांब्यापाशी एक माणूस चहाची किटली घेऊन उभा होता. त्याच्याकडे जाऊन तिने सेकंड शिफ्टची बस किती वाजता येते ते विचारलं.