मिरचीमागची ज्वारी

चुडाव्याजवळच्या आमच्या गावात माझी पिठाची गिरणी होती. लोक म्हणायचे, गव्हाला वेगळी, डाळीला वेगळी, मिरचीला वेगळी गिरणी टाक. मी म्हणायचो, कशाला? दगड तेच, पट्टा तोच. गहू असो की हरभरा, मी फक्त दगड आवळायचो नाहीतर सैल सोडायचो. नियमही सगळ्यांना एकच होता. रांग धान्याची, माणसाची नाही. आधी गहू, मग ज्वारी, मग डाळी आणि सगळ्यात शेवटी मिरची.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, गाव धुमसत होतं. एका सकाळी गावातले एक मोठे जमीनदार स्वतः ज्वारीचा डबा घेऊन आले. त्यांच्या पुढचा डबा बौद्धवाड्यातल्या एका बाईचा होता.

"हिच्या मागं माझं दळण टाकायचं न्हाई," ते म्हणाले.

"मग मिरचीच्या मागं टाका, मालक. ज्वारीची पाळी एकदाच येती."

"चालंल!"

बाई पीठ घेऊन गेली. डाळी झाल्या, मिरची झाली, आणि त्याच दगडांत मी त्यांची ज्वारी ओतली. त्यांनीच तर हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाकरी खाऊन त्यांचं सगळं घर ठसकत होतं. अख्ख्या आळीला ऐकू गेलं.

पुढच्या खेपेला ते आले, तेव्हा त्याच बाईचा डबा रांगेत होता. त्यांनी आपला डबा मुकाट्यानं त्याच्या मागं टेकवला आणि हळूच मला विचारलं, "मिरची दळली न्हाईस ना अजून?"