वहिनींचं तिकीट

वहिनींच्या गाडीत मागच्या सीटवर बसायचा मान माझा. आधी नुसती शेजारीण होते, आता महिला आघाडीत आहे. त्या गाडीत किस्से असे साठतात की घरी आल्या आल्या नवरा विचारतो, "आज काय केलं वहिनींनी?" जेवणाचं नंतर!

शैलजावहिनी म्हणजे आमच्या भागाचे पुढारी दादा, त्यांच्या मिसेस. जिल्हा परिषदेची जागा महिला राखीव झाली, दादांची पंचाईत झाली आणि वहिनी उभ्या राहिल्या. प्रचारात एका म्हातारीनं त्यांचा हात धरला.

"मत देतो की बाई. पण उमेदवार कुठं हाय?"

"मीच की, मावशी!"

"तू व्हय! बोर्डावर तर बाप्याचाच फोटो मोठा हाय!"

वहिनींनी सगळे बोर्ड उतरवून नवे लावले.

निवडून आल्यावर तालमीत सत्कार ठेवला. आपल्याकडं सत्कार म्हणजे फेटा आलाच. तर फेटा दादांच्या डोक्याला, आणि निवडून आलेल्या बाईच्या हातात खण-नारळ! वहिनी सरळ फेटेवाल्यासमोर जाऊन बसल्या.

"बांधा की! डोकं मलाबी हाय!"

फेटेवाला बिचारा तालमीच्या वस्तादांकडं बघायला लागला. वस्ताद म्हणाले, "बांध लेका, मतं तिनंच घेतल्यात." फेटा असला शोभला की मी बघतच राहिले, फोटो काढायचा राहूनच गेला. त्यावरनं अजून बोलणी खाते!

कार्यकर्त्यांची तर तऱ्हाच वेगळी. जिभेला वर्षानुवर्षांचं वळण! गारगोटीकडं सभेत वहिनी बोलायला उठल्या रे उठल्या, की घोषणा सुरू, "दादा, तुम आगे बढो!"

वहिनी माइकवर म्हणाल्या, "दादा कवाच पुढं जाऊन जेवायला बसल्यात. आता माझं ऐका!"

पण चेष्टा बाजूला. बाईनं सगळी टर्म वाड्यावस्त्या पायाखाली घातल्या. आणि मग विधानसभा आली. जागा खुली. तिकीट वहिनींनी मागितलं, आणि दादांनीही मागितलं! एका घरात दोन इच्छुक. वहिनी गाडीत मला म्हणाल्या, "ह्या वेळी न्हाय मिळालं तर संपलं बघ. दुसऱ्याची जागा राखायला मी परत उभी राहणार न्हाय." डोळे भरलेले.

मुलाखती घ्यायला पक्षाचे साहेब मुंबईहून आले. आधी वहिनींना बोलावलं. बाहेर आल्या त्या चेहरा पाडूनच.

"काय झालं?"

"पाणी, शाळा, एसटी, सगळं सांगितलं गं. तर म्हणत्यात, दादांना तिकीट दिलं तर हे सगळं तुम्ही बघालच की!"

असला राग आला मला! वहिनी बाकावर बसून राहिल्या. चहा आला, तो तसाच गार झाला.

मग दादा आत गेले. कडक इस्त्री, कपाळाला गंध. दार उघडंच होतं. साहेबांनी विचारलं, "बोला दादा, वरच्या वाड्यांच्या पाण्याचं काय करायचं ठरवलंय?"

दादांनी घसा खाकरला. मग खुर्चीतच मागं वळले आणि घरात ओरडावं तसे ओरडले,

"अगं शैला, जरा आत ये की! साहेब काय विचारत्यात बघ!"