अप्पांची पदं

नव्या पेठेत कापडाच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की दानेश्वरीचं लग्नपत्रिकांचं दुकान. मराठी आणि कानडी पत्रिका एकाच ठिकाणी जुळवून मिळतात म्हणून अक्कलकोटकडची माणसं धापा टाकत जिना चढायची. दुपारी जेवणं झाली की तिचे वडील शिवप्पाही यायचे, पण ते गाणं ऐकायला. स्वतःचंच.

शिवप्पांनी उभा जन्म भुसार दुकानात दिवाणजी म्हणून काढला आणि दर सोमवारी मठात कानडी पदं म्हटली. ती त्यांच्या आजोबांकडून आलेली, कुठं छापलेली नाहीत. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, तेव्हा दानेश्वरीनं त्यांना दुकानात माइकपुढं बसवून एकेक पद कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घेतलं. त्यानंतर अप्पांना नुसते ओठ हलवता येत. रोज येऊन ते हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे आणि मांडीवर ताल धरायचे. त्यांना चटकन सापडावं म्हणून तिनं पडद्यावर समोरच पिवळं फोल्डर ठेवलं होतं.

लग्नसराईच्या तोंडावर कॉम्प्युटर रखडायला लागला. फॉरमॅट मारायचं काम ती स्वतःच करायची. आत दोन डिस्क होत्या. सी वर विंडोज, डी वर फायली. सी पुसायची, डी ला हात लावायचा नाही. पत्रिका, फॉन्ट, गिऱ्हाइकांचे फोटो, सगळं डी वर आहे ना, ते तिनं पाहिलं. अप्पांचं फोल्डरही उचलून तिकडं टाकलं. ते क्षणात गेलं. इतकी पदं इतक्या पटकन कशी गेली, हे तिच्या मनातही आलं नाही. जिन्यातून कुणी तरी पत्रिकेसाठी घाई करत होतं.

विंडोज नव्यानं बसलं. तिनं फोल्डर उघडून पाहिलं, तर ते उघडेचना. मग तिला चित्राच्या कोपऱ्यातला बारका बाण दिसला. तो नुसता शॉर्टकट होता, खऱ्या फोल्डरकडं नेणारी खूण. खरी पदं रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामनं सी वरच ठेवली होती. डिस्क काढून ती डेटा काढून देणाऱ्याकडं गेली. त्यानं दोन दिवस ठेवून घेतली आणि नकारार्थी मान हलवली.

“अप्पा, हेडफोन बिघडलाय की,” दुपारी ते आले तेव्हा ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अप्पा बाजारातून नवा हेडफोन घेऊन आले. तिनं नजर चुकवली. “कॉम्प्युटरमध्येच कायतरी दोष हाय. दुरुस्त करते.” त्याच कॉम्प्युटरवर ती पत्रिका जुळवत होती. अप्पा हेडफोनचा खोका मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. रोज नवं कारण निघू लागलं, आणि एक दिवस अप्पा यायचेच थांबले. घरी जेवताना दोघंही तो विषय काढत नसत.

शेवटी एका रविवारी ती त्यांच्यापुढं बसली. “अप्पा, पदं गेली. माझ्याच हातानं पुसली गेली.”

अप्पांचे ओठ हलले. तिनं वाचलं, ‘ठाऊक हाय.’

“मग यायचं का थांबवलंत?”

ते सावकाश ओठ हलवून म्हणाले, ‘तुला रोज खोटं बोलाय लागत होतं.’

पदं गेली त्या दिवशी आलं नव्हतं एवढं रडू तिला तेव्हा आलं. पहिल्याच दुपारी सांगितलं असतं, तर एवढे दिवस त्या माणसानं हे दुःख एकट्यानं गिळलं नसतं.

आता सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा दोघं बसतात. शब्द अप्पांनी लिहून दिलेत. चाल दानेश्वरी आठवून म्हणते. लहानपणी मठात कंटाळून बाहेर पळायची, त्यामुळं तिला अर्धीच आठवते. चुकलं की अप्पा हात वर करतात.

“वर घेऊ का? का खाली?”

अप्पा बोट वर दाखवतात. ती सूर चढवते. ते मान हलवतात, न्हाय. ती पुन्हा म्हणते. पुन्हा न्हाय. कसं हवं ते दाखवायला त्यांचं तोंड उघडतं, मानेच्या शिरा ताणल्या जातात आणि नुसती हवा बाहेर पडते. मग ते मांडीवर थाप मारून पुढचं पद घ्यायला सांगतात.