कोर्दोबा, रविवारी

हमीदा टीचर आणि कासमभाईंना मी कोर्दोबाला रविवारी पाठवलं. चूक एवढीच. पुढचं सगळं त्यातून आपोआप झालं, मला वेगळे कष्ट पडले नाहीत.

मी मस्कतच्या रुवी भागात एका ट्रॅव्हल एजन्सीत बावीस वर्षं काम करतो. लोकांच्या सहलींची आयटिनरी बनवतो. आयटिनरी म्हणजे कुठल्या दिवशी कुठे, किती वाजता, कशाने, याचा तक्ता. तो करणाऱ्याला नकाशा कळावा लागतो, घड्याळ कळावं लागतं. वारही कळावा लागतो, पण हे कोणी शिकवत नाही, कारण कोणाला शिकवावं लागत नाही.

गल्फमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात वार सरकलेले असतात. आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं बंद. रविवार म्हणजे तोंड पाडून ऑफिसला जायचा वार. आमचे मॅनेजर थॉमससर केरळचे ख्रिश्चन. तेसुद्धा चर्चला शुक्रवारी जातात, कारण सुट्टी तेव्हाच. तर स्पेनचा तक्ता करताना मी शुक्रवार विश्रांतीला ठेवला, शनिवारी माद्रिदमध्ये फेरफटका, आणि सहलीतली मुख्य गोष्ट, कोर्दोबा, रविवारी. ताजा वार, सगळं उघडं असणार. सोमवारी सकाळी परतीचं विमान. तक्ता इतका देखणा झाला की मी त्याच्या दोन प्रिंट काढल्या.

कोर्दोबा मुख्य होतं ते टीचरसाठी. त्या इथंच, रुवीजवळ दार्सैतला राहतात. मस्कतच्या एका भारतीय शाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला. पुस्तकात कोर्दोबाच्या जुन्या मशिदीचा टपाल तिकिटाएवढा फोटो होता. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, एकीमागे एक. दर वर्षी एखादं मूल विचारायचं, टीचर, तुम्ही पाहिलंय का हे? दर वर्षी त्या नाही म्हणायच्या. त्यांचे मिस्टर कासमभाई मूळचे दापोलीकडचे, रुवीत हार्डवेअरचं दुकान. टीचर रिटायर झाल्या म्हणून ते पहिल्यांदाच आठवडाभर दुकान बंद ठेवायला तयार झाले होते. पुन्हा होणार नाही, हेही त्यांनी माझ्या टेबलासमोर बसूनच सांगून टाकलं होतं.

त्या रविवारी पावणेदोनला मी डबा उघडला. स्पेनमध्ये तेव्हा पावणेबारा. व्हॉट्सॲपवर कासमभाईंचा फोटो आला. एक मोठं दार, शेजारी पाटी. पाठोपाठ फोन.

"मोघे, हे बंद हाय."

मी म्हटलं, दुसऱ्या बाजूनं बघा. ते म्हणाले, चारी बाजू चालून झाल्या. ती जुनी मशीद गेली कित्येक शतकं चर्च आहे, हे मला माहीत होतं. रविवारी साडेअकरापासून तिथं प्रार्थना असते आणि पर्यटकांना तीनला पुन्हा आत सोडतात, हे मला कासमभाईंनी पाटी वाचून सांगितलं. माद्रिदला परतायची ट्रेन दोन चाळीसची. तिकीट मीच काढलेलं, नॉन-चेंजेबल. म्हणजे त्याच गाडीत बसा, नाहीतर विसरा.

टीचर काय म्हणतायत, मी विचारलं.

"काय नाय म्हणत. भिंतीकडं बघत बसलीय. ती गप बसली म्हंजे काय ते तुमी समजा."

मी डबा बंद केला. आमचा तिथला ग्राउंड एजंट, म्हणजे आमच्या वतीनं तिकडे धावपळ करणारा माणूस, त्याला फोन लावला. वाजतच राहिला. ईमेल टाकली. उत्तर लगेच आलं : ऑफिस बंद आहे, सोमवारी भेटू. तेवढ्यात थॉमससर जेवून आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मोघे, संडे को चर्च में क्या होता है, तुमको मालूम नहीं?"

"सर, आप तो फ्रायडे को जाते हैं."

ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

मी संध्याकाळच्या ट्रेन बघायला घेतल्या. एकेक फुल. बसही फुल. सुट्टी संपवून सगळं माद्रिद घरी निघालेलं. शनिवारी संध्याकाळी निझवाकडून मस्कतला येणारा रस्ता कसा तुंबतो, हे मला पाठ आहे. तीच अक्कल एक दिवस पुढे ढकलायची होती. शेवटी सहा पन्नासच्या गाडीत सीट मिळाली. एकच.

कासमभाई म्हणाले, खलास, राहू दे, दोघंही दोन चाळीसनं निघतो. मग फोन दुसऱ्या हातात गेला आणि वर्गात येतो तसा आवाज आला.

"मोघे, सीट किती?"

"एक, टीचर."

"बघायचंय पण एकीलाच. बुक करा."

मागून कासमभाई सांगत होते की परका मुलूख, भाषा येत नाही, ही कधी एकटी प्रवासाला गेलेली नाही. टीचर त्यांना म्हणाल्या, तुमचे गुडघे दुखतायत, तुम्ही व्हा पुढे. मी बुक केलं.

कासमभाई ठरल्या गाडीनं निघाले. तीनला टीचर आत गेल्या आणि त्यांचा फोन बंद झाला. तिकडे चार वाजले, साडेपाच झाले, फोन बंदच. कासमभाई आधी ट्रेनमधून, मग माद्रिदच्या हॉटेलातून दर पंधरा मिनिटांनी मला विचारत होते. पहिल्यांदा आवाज चढवून. शेवटी शेवटी अगदी हळू. "तुमच्या तक्त्यावर सोडून आलो ओ मी तिला," म्हणाले. ऑफिस कधीच रिकामं झालं होतं. मी त्या देखण्या तक्त्याकडे बघत बसलो.

तिकडे सहा पंचेचाळीसला दोघांनाही मेसेज आला : गाडीत बसले. सीट खिडकीची आहे. आत फोन वाजलेला मला आवडत नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही देशाचं काम घेतलं की आधी तिथला रविवार कोणत्या वारी असतो ते बघतो. नकाशा नंतर.

पंधरा दिवसांनी टीचर ऑफिसात आल्या. मी उभा राहून माफी मागितली. त्यांनी ती गृहपाठ तपासावा तशी ऐकून बाजूला ठेवली. म्हणाल्या, तीन तास नुसती बसून होते त्या कमानींखाली. हे बरोबर असते तर वीस मिनिटांत चहा शोधायला बाहेर पडलो असतो. मग त्यांनी टेबलावर एकच पासपोर्ट ठेवला. या खेपेला स्पेनमधलंच ग्रानादा. दुकान बंद ठेवायची गरज नव्हती.

मी उत्साहानं कॅलेंडर पुढे ओढलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"वार मी ठरवून आणलेत, मोघे. तुम्ही फक्त प्रिंट काढा."