खालून पहिली शाळा

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला आणि वाकड्या अक्षराला हसू नका. मी चौथीपर्यंतच शिकले. पण आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंबद्दल लिहायचंच होतं. काही झालं की त्या पदराने चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, “दाखवा ना, लपवायचं काय त्यात?”

मी शाळेत खिचडी शिजवायचे. त्या वर्षी पेपरात तालुक्यातल्या शाळांचे निकाल छापून आले. वाचनाच्या परीक्षेत आमची शाळा सर्वांत खाली. गुरुजी म्हणाले, “बाई, आजचा पेपर गावात फिरू नये.” बाईंनी माझ्याकडून कणकेची खळ करून घेतली आणि तो कागद फाटकावरच चिकटवला!

पारावरचे आबा काठी टेकत आले. “बाई, खालून पहिला नंबर!”

“हो आबा. नातवाचं वाचन कधी ऐकलंय?”

“नई ब्वा.”

“मग शनिवारी या. भरीत आहे.”

आमच्याकडे भरीत म्हटलं की माणूस चालत नाही, पळतो. शाळेमागे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. वास गावभर. पण बाईंचा नियम असा, की आधी पोराचं एक पान ऐकायचं, मगच ताट. भुकेले बाप-आजे पोरांच्या कानात शब्द सांगू लागले. बाई ओरडल्या, “आबा, परीक्षा तुमची नाही!” हसून हसून माझ्या हातातली भाकरी मोडली.

एक बाप मात्र गंभीर होता. तो मुलीचा दाखला काढायला आला होता. तिला चोपड्याच्या इंग्रजी शाळेत घालणार होता. ती गेली की मागोमाग आणखी चार घरं गेली असती, आणि आमची शाळाच बंद पडली असती. मुलगी वाचता वाचता अडली. बाप तिच्यासमोर मांडी घालून बसला. “बठ्ठं वाच बेटा, सगळं पान वाच, घाई नई शे.” तिने अडखळत पान संपवलं. त्याने उपरण्याने डोळे पुसले.

बाई म्हणाल्या, “दाखला लिहून ठेवलाय. देऊ?”

“राहू द्या. भरीत वाढा.”

पुढच्या निकालात आम्ही वर सरकलो. फार नाही, पण सरकलो.

मग बाई निवृत्त होऊन धुळ्याला मुलाकडे निघाल्या. फाट्यावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. ती मुलगी एसटीची पाटी मोठ्याने वाचू लागली. “चो…पडा. अम…” कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. “थांबा हो. तिचं होऊ द्या.”

इंजिन घुरघुरत राहिलं. मुलगी अमळनेर ओलांडून धुळ्यापर्यंत पोचली, आणि मगच एसटी हलली.